ढोमीकाकूचे कानातले

ढोमीकाकू कुणाकडे मासे जेवायला बसली की तिचं लक्ष स्वतःच्या ताटात कधीच नसायचं. समोरच्याच्या ताटातल्या माशाच्या डोक्यावर डोळा ठेवून बसायची आणि तो ते फोडायला गेला की सरळ हात धरायची. "चावू नको हां. आतले खडे माझे." नवखा पाहुणा बिचारा घास विसरायचा. ढोमा माशाच्या डोक्यात दोन पांढरेशुभ्र खडे असतात, मोठ्या माशात चांगले चिंचोक्याएवढे. आपण ते ताटाच्या कडेला थुंकतो, काकू त्यांचे दागिने करायची. तिचं खरं नाव मी पहिल्यांदा तिच्या आधार कार्डावर वाचलं.

नात्याने ती माझी कोणी नव्हे. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक जांभ्याचा गडगा, एवढंच नातं. त्या गडग्यावर ती खडे वाळत घालायची आणि वाडीतली सगळी मांजरं माझ्या अंगणात मुक्कामाला यायची. एका माशाचे दोन खडे एका काड्यापेटीत, अशा शंभरेक काड्यापेट्या तिच्या घरात होत्या. एकदा मदत करावी म्हणून मी सगळे खडे एका बरणीत भरून ठेवले. काकू तीन दिवस भिंग घेऊन बसली आणि डाव्याला उजवा शोधत राहिली. "जन्मापासून बरोबर होते गो," एवढंच एकदा म्हणाली. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

करवंटी घासून घासून काळीभोर करायची, त्यात खडा बसवायचा, चांदीच्या तारेने बांधायचा. एकासारखा दुसरा दागिना नाही. "अगदी असाच हवा," असं कुणी म्हटलं की ती म्हणे, "असाच मासा आण." मुंबई-पुण्याच्या बायकांना याचंच वेड लागलं. त्या जिवावर मी गणपतीपुळ्याला देवळाच्या रस्त्यावर एक गाळा भाड्याने घेतला. उद्घाटनाला काकूने मला कानातले दिले. उजव्याचा आकडा टोचत होता, तसं सांगितलं तर म्हणाली, "टोचू दे. घातलंय ते लक्षात राहील."

पण गिऱ्हाइकाशी तिची वागणूक! वस्तू हातात द्यायच्या आधी विचारायची, "घालणार कधी?" कुणी म्हणालं, सणासुदीला, की हिचा चेहरा उतरलाच. तिचं म्हणणं असं, की करवंटी आणि खडा अंगाच्या तेलावर जगतात. कपाटात ठेवले की मरतात. शास्त्र मला ठाऊक नाही. पण पुढच्या वर्षी तीच बाई दर्शनाला आली की काकू तिचा गळा तपासायची. माळ निस्तेज दिसली की काढून घ्यायची. "राहू दे माझ्याकडे. बरी झाली की पाठवते." मग महिना-दोन महिने ती माळ स्वतःच्या गळ्यात घालून मासे साफ करायची, विहिरीवर जायची. चकाकी आली की कुरिअर करायला मी आहेच.

मग गाळ्याच्या मालकाने सांगितलं, की वर्षभराचं भाडं एकदम भरा, नाहीतर मला तिथे सरबताचं दुकान काढायचंय. माझ्या तोंडचं पाणी पळालं. नेमक्या तेव्हाच पुण्याहून एक बाई आल्या. त्यांना तीस दागिने एकदम हवे होते, काचेच्या कपाटात मांडायला. वर्षभराचा प्रश्न एका दुपारीतच सुटत होता. मी डबे बांधले, चहा केला, आणि काकूला आधीच बजावलं, "आज तोंड उघडायचं नाही."

तिने उघडलंच. "घालणार कधी?"

"अहो आजी, हे कलेक्टिबल आहेत," बाई हसून म्हणाल्या. "घातले की किंमत उतरते."

काकूने शांतपणे डब्यांची दोरी सोडली, एकेक दागिना काढून पिशवीत भरला आणि एसटी पकडायला चालू लागली. मी मागून हाका मारल्या, विनवलं. मागे वळून म्हणाली, "मेल्यासारखे कपाटात ठेवायला नाही गो केले मी ते."

गाळा गेला. सरबताचं दुकान झालं, चांगलं चालतं म्हणे. मी घरच्या पडवीत टेबल मांडलं. काकूशी बोलणं टाकलं आणि तिचे कानातले उतरवून बिस्किटाच्या डब्यात कोंबले. तिला काय, तत्त्व सांगायला सोपं. पोट माझं होतं. चार महिने गडग्याच्या अलीकडे मी, पलीकडे ती. मांजरं तेवढी ये-जा करायची.

एक दिवस ती गडग्याला वळसा घालून आली. माझ्या मोकळ्या कानांकडे बघितलं. "आण बघू," म्हणाली. मला खोटं सुचलं नाही, डबा आणून दिला. खडे खडूसारखे झाले होते, करवंटी राखी पडली होती. आता बोलणार म्हणून मी उत्तर तयार ठेवून उभी राहिले. तिने ते स्वतःच्या कानात घातले आणि गेली. माझा संताप आणखी वाढला. माझी वस्तू, मी कुजवीन नाहीतर फेकीन.

दोन महिन्यांनी काकू गेली. सकाळी चूल पेटवता पेटवता तिथेच बसली, ती उठलीच नाही. अंगावरचे दागिने उतरवताना तिच्या सुनेने मला आत बोलावलं आणि कानातले माझ्या हातात दिले. "हे तुमचे. कालच म्हणत होत्या, अजून आठ दिवस, मग नेऊन देते."

खडे दुधासारखे झाले होते. करवंटीत मला माझं बोट दिसत होतं. एवढे दिवस अबोला धरून बसले मी, आणि ही बाई माझ्यासाठी ते कानात घालून हिंडत होती. मला तिचा इतका राग आला की रडूच फुटलं. तिथेच, सगळ्यांसमोर, ते घातले. कुणीतरी बाई पुटपुटली, मेलेल्या माणसाच्या अंगावरचे लगेच घालतात का. मी लक्ष दिलं नाही.

तेव्हापासून काढलेले नाहीत. उजवा अजून टोचतो.