मागं पडलेली रोपं

राळेगावच्या एसटी स्टँडवर आई मला पोचवायला आली ती थेट शेतातून, आणि तेही घाईत. हाताला ओला काळा चिखल, पदर कमरेला खोचलेला, काखेत भाकरी आणि जवसाच्या चटणीचं गाठोडं. बाकीच्यांच्या आया लेकीला बसमध्ये बसवताना गळ्यात पडून रडतात. माझी आई म्हणाली, "बस वं लवकर, मले नांग्या भराच्या आहेत." कपाशीच्या तासात, म्हणजे ओळीत, जिथं बी उगवलंच नाही, तिथं पिशवीत वाढवलेलं रोप नेऊन लावायचं, याला आमच्याकडे नांग्या भरणं म्हणतात. दिवस ढगाळ होता, रोपं लावायला अगदी हवा तसा, आणि तो तिला माझ्यापायी वाया घालवायचा नव्हता. बस हलली तेव्हा मात्र ती खिडकीखाली धावत आली. "तिकडे काम आहे, काम कर. घर इथंच आहे, ध्यानात ठेवजो." खिडकीच्या गजाला तिच्या बोटांचा चिखल लागला होता. वर्धा येईपर्यंत मी तो पुसला नाही.

ती कापसाची वाईट वर्षं. आमच्याकडच्या कुणाला ती नव्यानं सांगायला नकोत! माझे यजमान, गजानन, जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. कापूसच येईना तेव्हा जिनिंग वर्षातले दोन-तीन महिने चालू लागलं. मग कुणाच्या तरी ओळखीनं त्यांना पुण्याजवळच्या एका नर्सरीत टेंपो चालवायचं काम मिळालं. पाठोपाठ मीही गेले. राहायला पत्र्याची एक लांब खोली, तीत तीन बिऱ्हाडं आणि मध्ये जुन्या साड्यांचे पडदे. कुणाच्या फोडणीत काय पडलं ते तिन्ही घरांना कळायचं. मला भयंकर राग यायचा, आणि रडूही यायचं, पण पडद्याआड रडायचं म्हणजे आवाज न करता.

नर्सरीच्या मालकीणबाईंना सगळे काकी म्हणत. दोन महिने त्यांनी मला खुरपणीला ठेवलं. माझा हात त्या बघत असाव्यात, कारण पावसाळ्याच्या शेवटी त्यांनी मला पिटुनियाच्या बियांची एक पुडी दिली. "हा लॉट तुझा. मिक्स रंग आहेत, एका सोसायटीच्या बागेत जायचेत. जमलं तर तुला कायम करते आणि विहिरीजवळची खोली तुम्हा दोघांना देते." विहिरीजवळची खोली म्हणजे चार भिंती, स्वतःचं दार आणि दाराला कडी. त्या कडीसाठी मी काहीही केलं असतं.

पिटुनियाचं बी म्हणजे नुसती धूळ. वर माती घालायची नाही, ओल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, नुसतं भुरभुरायचं. वाढही इतकी सावकाश की तीन आठवड्यांनी पाहावं तर रोप मुंगीच्या डोक्याएवढं. कपाशी चौथ्या-पाचव्या दिवशी दोन पानं उघडून उभी राहते, तिच्या सवयीच्या माणसाचा यात जीव जातो. तरी मी तग धरला. रोपं मोठ्या ट्रेमध्ये हलवायची वेळ आली तेव्हा आईचंच वाक्य कानात होतं. दर विरळणीला ती तासातून म्हणत जायची, "दुबळं उपट, जोमाचं ठेव. दया करू नको." मी दया केली नाही. आगकाडीनं एकेक जाडजूड रोप उचलून घेतलं आणि बारकी, मागं पडलेली सगळी खताच्या खड्ड्यात टाकली. काय सुंदर दिसत होते ते ट्रे! सगळी रोपं एका उंचीची. मी गजाननला दिवसातून दोनदा दाखवायला नेत होते.

कळ्या उमलल्या आणि सगळ्या गुलाबी निघाल्या. या ट्रेपासून त्या ट्रेपर्यंत एकच रंग, अधूनमधून एखादी जांभळी.

काकी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अगं, बाकीचे रंग कुठं गेले?"

मी खरं ते सांगितलं. खड्ड्यात गेले म्हटलं. त्या रागावल्या, आणि मग खड्ड्याकडे बघून त्यांना हसू फुटलं. म्हणाल्या, मिक्स बियाण्यात पांढरे, पिवळे असे फिके रंग पुष्कळदा मागं पडतात. गुलाबी दांडगा असतो, तो पुढं जातो. त्या सोसायटीला दुसरीकडून रोपं आणून द्यावी लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोली गेली असं मी धरून चालले. पण जाताना काकींनी दुसरी पुडी माझ्या हातावर ठेवली. "उशिराचं एक गिऱ्हाईक आहे. या खेपेला मागच्यांकडे बघ."

मग मी मागच्यांकडे बघितलं. दांडग्यांची पानं त्यांच्यावर सावली धरत, म्हणून बारक्यांना वेगळा ट्रे दिला. पाणी वरून घातलं तर ती बुडातून कोलमडत, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत टेकवायचा आणि खालूनच हवं तेवढं पिऊ द्यायचं. खत नेहमीच्या निम्म्यानं. रोज सकाळी तळहात हलकेच त्यांच्या शेंड्यांवरून फिरवायचा, वारा फिरतो तसा, म्हणजे देठ ताठ होतात. शेवटी सावलीतून बाहेर काढायचं तेही एकदम नाही, पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास. हे सगळं करताना माझ्या लक्षात आलं की मी आता रडत नाही. उलट पहाटे डोळा उघडला की आधी त्या ट्रेचीच आठवण यायची, आणि फार आनंद व्हायचा.

पहिलं पांढरं फूल मी पाहिलं तेव्हा ओरडलेच. त्यामागून फिकट पिवळं आलं, मग पांढऱ्या काठाचं जांभळं. काकींनी ट्रे पाहिला आणि संध्याकाळी गजाननच्या हातात खोलीची किल्ली दिली. त्या रात्री मी कडी सात-आठ वेळा लावली आणि काढली. गजानन म्हणाले, "अवं झोप ना आता, कडी तुटन!"

पुढच्या वर्षी आई आली. खोली पाहून म्हणाली, "बरं आहे इकडे." घर हा शब्द तिनं तोंडातून काढला नाही, मी वाट पाहत होते आणि ती काढत नव्हती. नर्सरीत नेलं तर बारक्यांच्या ट्रेपाशी तिचा हात सवयीनं पुढं झाला, चिमूट तयार. मी मनगट धरलं.

"कायले धरतं वं? मेलेलंच तर आहे ते."

"नाही मेलेलं. त्याले उशीर आहे."

आईनं मला खालून वर पाहिलं. मी तिच्यादेखत एका रोपाची पहिली कळी खुडली, म्हणजे फुटवे येतात, तेव्हा तर तिनं कपाळाला हात लावला. "मेलेलं ठेवतं अन् कळी खुडतं. असं कसं वं काम तुह्यं?" पण जाताना तिनं स्वतःहून ट्रेमधलं सगळ्यात बारकं रोप मागून घेतलं. रेल्वेत, मग बसमध्ये, राळेगावपर्यंत ते तिनं मांडीवर नेलं.

दोन महिन्यांनी शेजाऱ्यांच्या फोनवरून तिचा आवाज आला. "पांढरं निंगालं वं बाई! पांढरं फटक!" मागं बायांचा गलका चालला होता. अंगणातल्या कुंडीभोवती आळी जमली असावी. कुणीतरी विचारत होतं, हे कुठून आणलं, दारव्ह्याच्या बाजारातून का? आई फोन हातात धरूनच तिकडे वळली, आणि मला स्पष्ट ऐकू आलं.

"बाजारातलं नाही. माह्या पोरीच्या घरून आणलं."