मुठीतून ओढलेला हुक्का

मानमोडीच्या तापाची साथ आली, तेव्हा गुलमंडीच्या बाजारात एक हुक्केवाला फिरायचा. धुरानं साथ पळते असं सगळेच म्हणत, त्यामुळं त्याचा एकच हुक्का दिवसभर दुकानोदुकानी जायचा. तो मुसलमान, आम्ही सोवळं पाळणारे कापडवाले. विटाळ नको म्हणून आम्ही नळीच्या टोकाला मूठ धरून मुठीतून धूर ओढायचो. तोही तेवढा वेळ मान वळवून उभा राहायचा. खोकला आला की मात्र सगळे एकमेकांच्या तोंडावर खोकायचे.

त्या साथीत माझा थोरला भाऊ गेला. महिन्यानं हुक्केवाला पुन्हा दिसला. गालफडं बसलेली. मी भर बाजारात त्याला म्हणालो, "तुझ्या हुक्क्यानं माझा भाऊ मारला."

तो शांतपणे म्हणाला, "व्हय शेठ, असंल. पन माझी बायको गेली, दोन लेकी गेल्या. त्यांनी कधी हुक्का ओढला नाय. त्यांच्यासाठी ताप मी इथूनच नेला."

हुक्का आमच्या पायरीवर ठेवून तो गेला, तो परत आलाच नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दुसरा हुक्केवाला लावला. त्याच्याही नळीला न चुकता मूठ धरली.