गुळाचं लेबल

आधीच सांगते, इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहा पिता पिता वाचत आले आणि बहुतेकांवर हसत आले. कळंबच्या शाळेत विज्ञान शिकवते. कुणी मागून येणाऱ्या पावलांची गोष्ट सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न असायचा, लाईट होती का? त्यामुळं आता तुम्ही मला हसलात तरी माझी तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा.

माझं माहेर येरमाळ्याचं. हायवेला लागून आमचं किराणा दुकान. वडील गेल्यापासून आई आणि माझा धाकटा भाऊ प्रशांत मिळून ते चालवायचे. लग्नाचं विचारलं की "बघू की" म्हणून तो पोती मोजायला निघून जायचा, असला अवली. दुकानात बारकोडचा स्कॅनर आला तेव्हा आई रुसली. तिला मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. म्हणाली, हे यंत्र माझ्याशी विंग्रजीत बोलतंय, मला काय बी कळंना.

मग या पठ्ठ्यानं काय करावं? गूळ, शेंगदाणे, डाळी असल्या सुट्या मालासाठी स्वतःच लेबलं छापली आणि लॅपटॉपवर नियम बसवले. स्कॅनरनं लेबलावरची इंग्रजी अक्षरं वाचायची, लॅपटॉपनं ती काढून त्या जागी मराठी शब्द टाकायचा. आईची वर एक अट... माल संपला तरी 'संपलं' म्हणायचं नाही, 'वाढलं' म्हणायचं. त्यानं रिकाम्या डब्यासाठी तोही नियम केला. आई गिऱ्हाइकांना सांगत सुटली की माझ्या लेकानं यंत्राला वळण लावलं. मी त्याला चिडवायचे, यंत्राला लावलंस, आता स्वतःलाही लाव थोडं.

मागच्या पावसाळ्यात तो बार्शीला माल आणायला निघाला आणि वाटेत ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं. जागीच गेला. पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप होता, त्याचाही चुरा झाला.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, पण आई काही उठेना. अन्नावरची वासनाच उडाली होती तिची. रडणंही नाही. नुसती भिंतीला टेकून बसायची आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. त्या सकाळी तो फोनवर बोलत बोलत, पायात चप्पल सरकवत, घाईत "जातो गं" म्हणाला होता. 'येतो' म्हणाला नव्हता.

"जल्मात कधी तसं म्हणला न्हाय त्यो," ती म्हणायची. "आन म्या भाकरी थापीत बसले. मागं बोलावलं न्हाय. येतो म्हण, आसं म्हणले न्हाय."

मी तिला समजावलं की शब्दानं काही ट्रक येत नसतो. एकदा तर चिडून बोलले. माझ्या नाकावर राग, काय करणार. पण तिला ते कळत नव्हतं असं नाही. तो येतो म्हणायचा आणि ती आतून 'ये' म्हणायची, हे रोजचं होतं. त्या दिवशी तिचं 'ये' म्हणायचं राहून गेलं आणि तेच तिला खात होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी दुकान उघडलं. सण करायचा नव्हताच. डाळींना किडे लागत होते, आणि आई गल्ल्यावर बसली तर चार माणसं तिच्याशी बोलतील असं मला वाटलं. कळंबहून माझा लॅपटॉप आणला, त्याला स्कॅनर जोडला, तर स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं. आईनं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला ते सहन झालं नाही. मी हट्टाला पेटले आणि सगळे नियम नव्यानं केले, डावीकडं लेबलावरची अक्षरं, उजवीकडं मराठी शब्द. सोपं नव्हतं हो. भुईमुगाच्या BHUIMUG या लेबलातल्या MUG ला मुगाचा नियम लागला आणि अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी असलं धेडगुजरी काहीतरी उमटलं. मग क्रम बदलला, भुईमूग वर, मूग खाली. हे एवढं पाल्हाळ कशासाठी, तर त्या लॅपटॉपमधला एकेक नियम माझ्या हातचा होता. प्रशांतचं त्यात काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, लख्ख उन्हात, शेजारच्या सुमनकाकू गूळ न्यायला आल्या. मी गूळ तोलायला घेतला आणि मुद्दामच स्कॅनर आईच्या हातात दिला. तिनं तो गुळाच्या लेबलावर धरला. टुक्क वाजलं.

स्क्रीनवर आलं... 'येतो'.

मी वाचलं. सुमनकाकूंनी वाचलं आणि त्या माझ्याकडं बघायला लागल्या. आईनं स्क्रीनवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग दाराशी कुणी उभं असावं तशा साध्या आवाजात ती म्हणाली, "ये बाळा. सावकाश जा."

आणि ती रडली. तो गेल्यापासून पहिल्यांदा, पदर तोंडात कोंबून, अख्खं अंग हलेस्तोवर रडली. काकूंनी तिला पोटाशी धरलं. आणि मी? मी स्कॅनर उचलून पुन्हा त्याच लेबलावर धरला. 'गूळ'. परत धरला. 'गूळ'. मला भयंकर राग आला होता, कुणाचा ते अजून कळलेलं नाही.

नियम वरपासून खालपर्यंत वाचले. 'येतो' हा शब्द कुठंच नव्हता. सुट्टीनंतर शाळेतल्या संगणकाच्या सरांना सगळं दाखवलं. काही स्कॅनरच्या पोटातही असे नियम ठेवता येतात म्हणे, तर प्रशांतनं चेष्टेनं तिथं काही ठेवलं असेल, अशी माझी शंका... आशा म्हणा. सरांनी तपासून सांगितलं की आत काहीच नाही, आणि हा स्कॅनर मराठी अक्षर पाठवूच शकत नाही. तुम्हीच चुकून टाइप केलं असेल मॅडम, असं म्हणाले. माझे दोन्ही हात तेव्हा गुळानं चिकट झाले होते. काकू साक्षीला आहेत.

त्या संध्याकाळी आईनं भाकरी मागून घेतली. 'जातो'चा विषय तिनं परत काढला नाही. आता रोज दुकान उघडते, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालते, पूर्वीसारखीच. तिला यात नवल वाटत नाही. पोरगं सांगून गेलं, एवढंच ती म्हणते.

मला मात्र कारण सापडलेलं नाही, आणि खरं सांगू का, आता मी ते शोधतही नाही. मला वेगळंच खुपतं. त्या सकाळी तो आईला निदान काहीतरी बोलून गेला होता. मला त्याचा फोनही आला नव्हता. सुट्टीला माहेरी गेले की दुपारी आई आडवी होते, तेव्हा मी गल्ल्यावर बसते आणि ते लेबल स्कॅन करते. मोठं काही नको. एकदा 'ताई' म्हण रे, बस.

दर वेळी 'गूळ' येतं.