दादाचं नाक

माझा दादा कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पण गल्लीत त्याला 'नाकवाला' म्हणतात. डबा उघडायचा, डोळे मिटायचे, नाक आत घालायचं आणि सांगायचं, धूळ जळतेय, वायर तापतेय, नाहीतर 'काही नाही, चहा सांगा'. लोक दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसतात, आमचा दादा फक्त यंत्रात. एरवी अगदी नाकासमोर चालणारा माणूस. मागे तो तापाने आडवा पडला, तर लोक बिघडलेली यंत्रं तशीच झाकून ठेवून त्याची वाट बघत बसले.

तो बरा झाल्याबरोबर माझ्या लेकीने मामाला गाठलं. तिच्याकडे माझ्या ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर होता. नवा गेम लावला की तो धापा टाकायचा आणि बंद पडायचा. तिच्या मैत्रिणी एकत्र खेळायच्या आणि ही नुसती बघत बसायची. मी आधीच बजावलं की अंथरूण पाहून पाय पसरा. मामा-भाचीने जुन्या बाजारातून वापरलेलं ग्राफिक्स कार्ड आणलं, मेमरी वाढवली आणि तिथेच माझी पर्स रिकामी झाली. आतल्या सगळ्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय तेवढा जुनाच राहिला.

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी विचारलं, की नवं कार्ड एवढी वीज खाणार, या म्हाताऱ्याला ते झेपेल का? दादाने गेम सुरू करायला लावला आणि उघड्या डब्यात नाक घातलं. या वेळी बराच वेळ घातलं.

"काही नाही. चालेल," तो म्हणाला.

चहा मात्र त्याने मागितला नाही.

लेक खूश झाली. दार लावून, कानांवर हेडफोन चढवून ती तासन्‌तास खेळू लागली. त्या खोलीच्या दारापाशी मला अधूनमधून काहीतरी वास यायचा. जुनी रबरी चप्पल उन्हात राहिल्यासारखा. मी वासाचं काढलं, की ती सांगायची, मामाने बघितलंय. खरंच होतं. दादाच्या नाकापुढे माझ्या नाकाची काय किंमत? मी उदबत्ती लावायचे आणि विषय सोडून द्यायचे. पण वास जात नव्हता.

रविवारी दुपारी दादा आला. मी मंद गॅसवर दूध ठेवलं, त्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि गच्चीवर कपडे काढायला गेले. परत येताना जिन्यातच करपल्याचा वास आला. शेजारीणही दार उघडून कुठे काय जळतंय ते बघत होती. मी धावत आत शिरले. स्वयंपाकघरात धूर भरू लागला होता, आणि दादा शेगडीकडे पाठ करून, हातभर अंतरावर, शांतपणे पेपर वाचत बसला होता.

मी गॅस बंद केला.

"दादा, तुला वास नाही आला?"

त्याने पेपर खाली ठेवला. धुराकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी लेकीच्या खोलीकडे पळाले. दार ढकललं, तर करपलेल्या दुधाच्या वासाखाली तो दुसरा वास होता, आता चांगलाच उग्र. ती पाठमोरी खेळत होती. मी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि प्लग ओढला. तो हाताला चटका देऊन सुटला. प्लास्टिक मऊ झालं होतं, सॉकेटभोवतीची भिंत तपकिरी पडली होती, आणि सॉकेटला लागूनच तिचा पडदा लोंबत होता. लेक हेडफोन काढून चिडली, मग माझं तोंड बघून गप्प झाली. मी तिला जवळ ओढलं आणि सोडलंच नाही.

दादा दारात उभा होता.

"तापापासून काहीच येत नाही गं," तो म्हणाला. "वाटलं, येईल परत. लोक यंत्रं घेऊन येतात, नाकाकडे बघतात. काय सांगू त्यांना?"

मला त्याचा भयंकर राग आला आणि तितकीच कीवही आली. मग एकदम सुचलं ते मी विचारलं.

"बरा झाल्यापासून 'काही नाही, चालेल' असं कितीजणांना सांगितलंस?"

दादा करंगळीपासून मोजू लागला. शिंपी. दवाखाना. कोपऱ्यावरची म्हातारी. शाळेतली कॉम्प्युटरची खोली. तो पुटपुटत होता आणि मी त्याच्या बोटांकडे बघत होते. दोन्ही हातांची बोटं संपली, तेव्हा त्याने पुन्हा करंगळी धरली.