छताला विचारणारा हुबेर

मास्ट्रिख्टजवळच्या आमच्या सिब्बे गावच्या खाणीत दगड फोडत नाहीत, करवतीनं कापतात. पिवळा, मऊ, ओल्या लाकडासारखा. पण रोज सकाळी आधी हुबेर पेनर्सनं छताला विचारायचं, मगच बाकीच्यांनी आत पाऊल टाकायचं, हा रिवाज. लांब काठीच्या लोखंडी टोकानं तो छत ठोकी. टणक वाजलं तर बरं, बद्द वाजलं तर वरचा थर सुटलेला. एकतीस वर्षं आम्ही सातजण त्याच्या मान हलवण्यावर जगलो.

त्या काठीचं मागचं टोक पार कुरतडलेलं. "माझं कुत्रं लई हावरं," म्हणायचा.

एका सोमवारी त्याच्या पाठीमागं माझ्या हातनं पत्र्याची बादली पडली. माझेच कान बसले. हुबेरनं मानसुद्धा वळवली नाही. मी मोठ्यानं दोन शिव्या हासडल्या. तरी ढिम्म. बहिऱ्याच्या कानांवर आम्ही जीव टांगले होते.

बाकीच्यांना कसं सांगावं या विचारात होतो, तोवर बुधवारी खडकांचा अभ्यास करणारी फेनेमाबाई आली. तिला जुन्या बोगद्यातली मातीची एक बारीक रेघ बघायची होती.

"पृथ्वीच्या इतिहासातला एक काळ त्या रेघेशी संपतो," ती म्हणाली. "त्या काळाचा खडक जगात कुठंही सापडू दे, नाव तुमच्या मास्ट्रिख्टचंच लागतं."

हुबेर तिच्या ओठांकडं टक लावून होता. "रशियातबी?"

"रशियातसुद्धा."

"आन् आमाला कुनी इचारलंबी न्हाई."

जुन्या बोगद्यात वीस वर्षं कुणी गेलं नव्हतं. तोंडाशीच हुबेरनं काठी उचलली. मी त्याच्या समोर उभा राहिलो.

"काका, आज म्या ठोकतो."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमाला ऐकू येत न्हाई."

त्यानं बाईकडं पाठ केली, काठीचं मागचं टोक दातांत धरलं आणि लोखंड छताला हाणलं. पाऊलभर सरकून पुन्हा. डोळे मिटलेले.

"मधी सुटलंय. डाव्या भिंतीला धरून जावा."

मी बाजूनं लांब पहार लावली. दाराएवढी शिळा धाडकन खाली आली. बाई धुरळ्यात खोकत राहिली.

"कवापासनं, काका?"

"चार वर्सं. कान हुते तवा तुमची बडबडबी ऐकाया लागायची. दातांला निस्ता डोंगर कळतो."

"आन् दात पडल्यावर?"

त्यानं तोंड उघडून दाखवलं. वर चार, खाली तीन. मग काठीचं ओलं टोक विजारीला पुसून माझ्यापुढं धरलं. "चाव."

पलीकडं बाई तिची रेघ खरवडत होती. मी लाकूड चावलं आणि छत ठोकलं. तंबाखूची चव आली. आधी नुसता कवटीत ठणका. दहाव्या ठोक्याला कुठं ठणक्या-ठणक्यातला फरक कळला.

"हे कुनाला सांगू नगंस," हुबेर म्हणाला.

"सांगनार. उद्यापासनं आदी तुमी, मागनं मी. दोघांचं जुळलं तरच बाकीचे आत."

त्यानं काठी हिसकावून घेतली. कुरतडलेल्या टोकावरनं अंगठा फिरवला.

"म्हंजी हिला आता दोन कुत्री."