शेवटी एक भाषण टाका

माझ्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांच्या संघटनेचं काम करतात. आमच्या ओट्यावर कणकेच्या परातीशेजारी खळीचं पातेलं ठेवलेलं असायचं, आणि भिंतीवर चिकटवायची पत्रकं खाटेखाली. मी अक्षरं जोडून वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. पत्रकाला मी कधी हसत नाही. चार ओळींत अन्याय, दोन ओळींत मागणी, शेवटी कुठं जमायचं ते. एवढं नेमकं लिहायला अक्कल लागते, आणि कधी कधी मारही खावा लागतो. म्हणूनच कुणी नाटकाचं पत्रक करायला निघालं की माझं डोकं फिरतं. त्यात नाटक तर मरतंच, पत्रकाचीही चेष्टा होते.

नेवाशाजवळच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. पेपर आहे कथा आणि एकांकिका. प्रश्न ठरलेले असतात: आशयसूत्र सांगा, शैलीची वैशिष्ट्यं लिहा, कथेतून मिळणारा संदेश स्पष्ट करा. उत्तरंही ठरलेली, बाजारातल्या गाइडमधली. गाइडवर विश्वास ठेवला तर महाराष्ट्रात आजवर लिहिलेल्या झाडून सगळ्या कथांची शैली ‘साधी, सोपी आणि ओघवती’ आहे. कथेत खून होवो, कुणी उपाशी मरो, शैली आपली ओघवती. पोरं हे पाठ करतात आणि पास होतात, आणि पास झाल्यावर त्यांना वाटतं, गोष्ट वाचायची म्हणजे शेंग सोलून दाणा काढायचा आणि टरफल टाकून द्यायचं.

त्या वर्गात एक बाई बसायच्या. मुलगी शाळेत जायला लागल्यावर त्यांनी पुन्हा शिक्षण धरलं होतं. माहेर मिरजगावकडचं, सासर इथलं. वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणायचे आणि त्या मला मॅडम. एकदा मी एक कथा वाचून दाखवली. तिच्यात सून दिवसभर काम करते आणि संध्याकाळी सासू तिच्या ताटात आपल्या ताटातली अर्धी भाकरी ठेवते, एवढंच. कुणी काही बोलत नाही. तास संपताना ताईंनी हात वर केला.

“मॅडम, ह्यात जे बोललंच न्हाई, ते कुठं लिवायचं? आशयात का शैलीत?”

वर्ग हसला. मी हसले नाही. शिकवायला लागल्यापासून इतका चांगला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

पुढच्या महिन्यात त्यांनी एकांकिका लिहून आणली. तालुक्याच्या रजिस्ट्रार ऑफिसचा व्हरांडा. भाऊ बहिणीला हक्कसोडपत्रावर सही करायला घेऊन आला आहे. वडिलांच्या जमिनीत कायद्यानं तिचा वाटा आहे, आणि तो भावांच्या नावावर सोडून द्यायची आमच्याकडे रीतच आहे. सही केली तर साडीचोळी आणि माहेर, नाही केली तर माहेरचं दार बंद. भाऊ गोड बोलतो, चहा पाजतो, नवी साडी तिच्या मांडीवर ठेवतो आणि झेरॉक्स काढायला जातो. मग ती एकटी राहते. साडी उलगडते. पदरापासून हातानं मोजत जाते, एक हात, दोन हात, पार दुसऱ्या टोकापर्यंत. पुन्हा घडी घालते. घडी जमत नाही, म्हणून पुन्हा उलगडते. या सगळ्यात ती एक शब्द बोलत नाही. आतून भावाचा आवाज येतो, “ताई, चल, नंबर आला.” ती बसलेलीच. अंधार.

बहिणीचं काम ताईंनी स्वतः केलं. तालमीत ती साडी मोजणारी बाई पाहताना मीही मनात तिच्याबरोबर हात मोजत होते.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी कॉलेजच्या मैदानात मांडव. प्रमुख पाहुण्यांना, संस्थेतल्याच एका मोठ्या पदाधिकाऱ्यांना, यायला उशीर झाला आणि नाटक सुरू करावं लागलं. ताई साडी उलगडून मोजायला बसल्या आणि मांडवात शांतता झाली. नेमकी तेव्हाच पाहुण्यांची गाडी आली. माइक वाणिज्य विभागाच्या सरांकडे होता. आमच्याकडे कुठल्याही कार्यक्रमात माइक रिकामा दिसला की सत्कार उरकून घेतात, ती सवय हाडात मुरलेली.

“नाटक जरासं थांबलेलं दिसतंय,” सर म्हणाले, “तेवढ्या वेळात आपण आदरणीय पाहुण्यांचा यथोचित सन्मान करून घेऊ या.”

मी विंगेतून ओरडले, “सर, थांबलेलं नाही! चालू आहे!” कोण ऐकतो? पाहुण्यांना थेट रंगमंचावर आणलं. शाल आली, श्रीफळ आलं, फेटा आला. फेटा बांधायला वेळ लागतो. बांधणारा तर ताईंच्या साडीवर पाय ठेवूनच उभा होता. शिपाईमामा वाकून म्हणाले, “ताई, वाईच सरका की.” ताई सरकल्या नाहीत. खाली मान घालून साडीचं तेच टोक हातात धरून बसून राहिल्या.

मागून एक पोरगं ओरडलं, “अहो, ती साडी पण द्या पाहुण्यांना!”

सगळा मांडव हसला. आणि त्यावर कळस म्हणजे पाहुण्यांनी तिथंच माइक घेतला. म्हणाले, भावानं आणलेली साडी बहीण किती मायेनं कुरवाळते आहे, भाऊ-बहिणीच्या पवित्र प्रेमाचा असा संदेश आजच्या पिढीला हवा. टाळ्या पडल्या. ताईंच्या गावच्या बायका पुढच्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी बघत होते.

इथवर मी गाढवपणा समजून सोडून दिलं असतं. पण आठवड्यानं आमच्या मराठीच्या विभागप्रमुख सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. नगरच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी हीच एकांकिका पाठवायचं ठरत होतं.

“लेखन चांगलं आहे,” सर म्हणाले. “पण आशय पोचत नाही. प्रेक्षकानं घरी काय न्यायचं? शेवटी एक भाषण टाका. बहीण उभी राहते आणि समाजाला उद्देशून बोलते. चार-पाच मिनिटं. तुमच्या घरी पत्रकं लिहितात म्हणे, तुम्हाला काय अवघड आहे?”

“काय बोलेल ती, सर?”

“हेच की, नाती जमिनीपेक्षा मोठी.”

“पण नाटकात तर ती साडी मोजते आहे. जमिनीच्या बदल्यात कापड किती आलं, ते मोजते आहे.”

“हा तुमचा अर्थ झाला.”

“मग तुमचा अर्थ कशावरून काढला, सर? पाहुण्यांच्या भाषणावरून?”

ते रागावले. मग आवाज खाली आणून विचारलं, “हे त्या बाईंच्या घरचं आहे का? उगाच उद्या भाऊ येतील भांडायला.”

याची मला फार चीड आली. पुरुषानं लिहिलं की प्रतिभा, बाईनं लिहिलं की घरचं. मी विचारलं, “सर, तुमच्या बहिणींनी सही केली का?”

स्टाफरूममधले चहा ढवळणारे चमचे थांबले. तिथल्या प्रत्येकालाच बहीण असावी. सर म्हणाले, “तो आमचा खासगी विषय आहे,” आणि चष्मा पुसायला घेतला. म्हणजे बाईंचं घर चर्चेला मोकळं आणि सरांचं खासगी.

मी भाषण लिहायला नकार दिला. घरी येऊन वडिलांना सांगितलं. वाटलं होतं, निदान ते माझ्या बाजूनं असतील.

“अण्णा, ते भाषण टाका म्हणतात.”

“टाका की मग. पण भावाच्या प्रेमाचं कशाला? बहिणींनो, सही करू नका, असं ठणकावून टाका. आणि दोन घोषणा.”

“अण्णा, तुम्हीसुद्धा?”

“अगं पोरी, इतका वेळ स्टेजवर कुणी बोललंच न्हाई, तर लोक चहाला उठून जात्याल.”

“पत्रक तुम्ही लिहा, मी खळ लावून गावभर चिकटवते. पण तिच्या नाटकाला चिकटवू नका.”

ते हसले, पण पटलं नाही त्यांना. वाद जेवणापर्यंत चालला. एकाला प्रेम हवं होतं, दुसऱ्याला लढा. बाईच्या तोंडात आपलं वाक्य कोंबायची घाई मात्र दोघांनाही सारखीच. पहिल्याचा मला राग होता, दुसऱ्यावर माझा जीव आहे, पण त्या दिवशी मी दोघांनाही एकाच रांगेत बसवलं.

खरी चपराक ताईंकडून बसली. भाषण नसेल तर एकांकिका जाणार नाही, असं सरांनी त्यांना परस्पर सांगितलं होतं. कॉलेजच्या फाटकाशी त्यांनी मला गाठलं.

“मॅडम, तुमी नको म्हणाल्या?”

“हो. तुमच्या नाटकाची माती होईल.”

“माझं नाटक हाय ना? मग मला विचारायचं हुतं.” त्या शांतपणे बोलत होत्या, पण रागावल्या होत्या. “मालकांनी एका दिवसाची परवानगी दिली. सासूबाई शेजारणीला सांगत सुटल्यात, आमची सून नगरला नाटकात हाय. आता काय सांगू? मॅडमचं तत्त्व आडवं आलं?”

मग त्याच म्हणाल्या, “सरांना म्हणावं, लिवा तुमीच भाषण. मी पाठ करते.”

सरांनी लिहिलं. ‘बंधूंनो आणि भगिनींनो, बहिणीची माया सातबाऱ्यावर मोजता येत नाही’ अशी सुरुवात, आणि मग पानभर. ताईंनी ते दोन दिवसांत मुखोद्गत केलं. तालमीत सरांसमोर हातवाऱ्यांसह म्हणून दाखवलं. सर खूश झाले. मी तालमीच्या खोलीबाहेर उभी होते आणि मला ताईंचा, सरांचा, स्वतःचा, सगळ्यांचाच संताप येत होता.

नगरला सभागृह अर्धं भरलं होतं. मी मागे उभी. ताईंनी साडी मोजली, घडी घातली, उलगडली. एक माणूस ओरडला, “पुढं बोला की ओ!” कुणीतरी त्याला शू केलं. आतून आवाज आला, “ताई, चल, नंबर आला.” आता भाषण. प्रकाश सांभाळणाऱ्या मुलाला सरांनी भाषण संपेपर्यंत उजेड ठेवायला सांगितलं होतं, त्यामुळे अंधार झालाच नाही. ताईंनी मान वर केली. समोर पाहिलं. मांडीवर ती विस्कटलेली साडी. त्या बोलल्या नाहीत. पांढऱ्याफटक उजेडात त्या आमच्याकडे बघत राहिल्या आणि आम्ही त्यांच्याकडे. सभागृहात कुणी हललं नाही. अखेर सरांनीच पडदा पाडायची खूण केली.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी जाहीर अभिप्रायात सांगितलं, अभिनय सहज, भाषा साधी आणि ओघवती, मात्र शेवट संदिग्ध राहिल्यामुळे संदेश पोचत नाही.

परतीला कॉलेजची जीप. पुढे सर, मागे ताई, मी आणि नाटकातली पोरं. घोडेगाव आल्यावर सर मागे वळून माझ्याकडे बघत म्हणाले, “तुम्ही फितवलंत. नाहीतर ऐनवेळी ही अशी विसरली नसती.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“सर, मी विसरले न्हाई. म्हणून दावू का?”

आणि त्यांनी सुरुवात केली. बंधूंनो आणि भगिनींनो. एक शब्द न चुकता, सरांनी शिकवलेल्या हातवाऱ्यांसह, खड्ड्यात जीप उसळली तरी न थांबता, पानभर भाषण त्यांनी शेवटच्या ‘जय हिंद’पर्यंत म्हटलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. ड्रायव्हर म्हणाला, “वा ताई, निवडणुकीला उभं ऱ्हावा.” सर समोरच्या काचेतून रस्ता बघत होते.

“भाषण झ्याक हाय सर,” ताई म्हणाल्या. “पण ती बाई हे बोलत न्हाई. मी लई वाट बघितली तिची तिथं, उजेडात. न्हाईच बोलली.”

सरांनी ड्रायव्हरला गाडी नीट चालवायला सांगितलं.