पायी तपासलेली माहितीपुस्तिका

विद्यापीठाच्या पनवेल उपपरिसरात मी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो, त्या सकाळी सॉलोमन वावेकर सरांची आणि माझी पहिली भेट झाली. सर तेव्हा तेथे सहायक कुलसचिव होते. मी गावच्या शाळेत शिकलेला, कागदांची पिशवी छातीशी धरून त्यांच्या टेबलापुढे उभा होतो. त्यांनी नेमणुकीचे पत्र मागितले नाही. त्यांनी विचारले, "स्टेशनहून कसे आलात?"

"चालत आलो, सर."

"किती वेळ लागला?"

"पंचवीस मिनिटं लागली असतील."

सरांनी खणातून विद्यापीठाची माहितीपुस्तिका काढली आणि एक पान माझ्यापुढे धरले. 'रेल्वे स्थानकापासून पायी पंधरा मिनिटांच्या अंतरावर' असे तेथे छापले होते. "हे लिहिणारे गृहस्थ स्कूटरवरून येत असणार," असे म्हणत त्यांनी पंधरा खोडून पंचवीस केले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बसा आधी. घामेजलात. पाणी प्या."

पुस्तिकेच्या संपादनाचे काम त्याच वर्षी त्यांच्याकडे आले होते, हे मला नंतर कळले. यंदा सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या प्रार्थनालयातील कामाविषयी, त्यांच्या वाचनाविषयी इतर मंडळी या गौरवग्रंथात लिहितीलच. मी मात्र त्या पुस्तिकेविषयीच लिहिणार आहे. तिच्याविषयी सांगायचे एक काम माझ्याकडून बरीच वर्षे राहून गेले आहे.

माहितीपुस्तिका म्हणजे काय, हे प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. आधी विद्यापीठाचा इतिहास, मग परिसर, मग अभ्यासक्रम आणि शेवटी नियम. पुष्कळ ठिकाणी मागच्या वर्षीच्या प्रतीवर साल बदलून ती छापखान्यात जाते. सरांनी निराळी रीत पाडली. दर उन्हाळ्यात कचेरीतल्या प्रत्येकाला ते काही पाने वाटून देत. पानावर जी जागा लिहिली असेल तेथे स्वतः जाऊन उभे राहायचे, डोळ्यांनी पाहायचे आणि मगच त्या ओळीपुढे लाल पेन्सिलीने खूण करायची. वाचनकक्ष लिहिला असेल तर तेथील खुर्चीवर बसून पंखा लावून पाहायचा. उपाहारगृहाचे पान सरांनी स्वतःकडे ठेवले होते. 'स्वस्त व सकस' यातला 'सकस' हा शब्द पहिल्याच वर्षी तेथला वडा खाऊन आल्यावर त्यांनी काढून टाकला.

इतिहासाचे पान ते आमचे शिपाई लक्ष्मणमामा यांना मोठ्याने वाचून दाखवत. मामा शेजारच्याच गावचे. उपपरिसरासाठी जी भातशेती गेली, तिच्यात त्यांच्या घरचीही होती. 'सदर भूखंड संपादित करण्यात आला' या वाक्यापाशी मामांनी सरांना थांबवले.

"संपादित म्हंजे काय ओ, सायेब?"

"म्हणजे घेतलेला."

"मंग घेतला असं लिवा ना. आन् भूखंड नाय, भाताची शेतं होती. माझ्या आज्यानं बांध घातलेले हायत त्या लायब्ररीच्या खाली."

त्या वर्षीपासून आमच्या पुस्तिकेत, 'हा परिसर शेजारच्या गावांच्या भातशेतीच्या जमिनीवर उभा आहे,' असे वाक्य छापले जाऊ लागले. मुख्य कचेरीतून विचारणा झाली, हे कशाला हवे? सरांनी उत्तर पाठवले, 'इतिहास या शीर्षकाखाली इतिहास दिला आहे.' पुन्हा कोणी विचारले नाही.

सर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचे. त्यांच्या दाराच्या चौकटीला धर्मवचने ठेवलेली एक छोटी पेटी बसवलेली आहे. येताजाता ते तिला बोटे लावतात आणि ती ओठांना टेकवतात. त्यांची भावंडे इस्राएलला गेली. सरांनाही बोलावणी आली, पण ते गेले नाहीत. "माझी पुस्तिका तिकडे वाचणार कोण?" असे हसून म्हणायचे. मी सकाळी टेबलाशी बसण्याआधी गणपतीच्या तसबिरीपुढे क्षणभर हात जोडतो. सर घाईची फाइल घेऊन आले असले तरी तेवढा वेळ दारातच थांबायचे. आपण थांबलो होतो हे मला जाणवू नये म्हणून मग उगाच फाइलची नाडी सोडून पुन्हा बांधायचे. असे साहेब मला पुढे भेटले नाहीत.

आता जे सांगायचे राहून गेले ते सांगतो.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात विज्ञान अभ्यासक्रमांची पाने माझ्या वाट्याला आली. सगळीकडे फिरलो. शेवटी एक ओळ उरली, मत्स्यशास्त्रातील एम.एस्सी. तो विभाग परिसराच्या पार टोकाला होता. ऊन मी म्हणत होते. मागच्या वर्षी होता, म्हणजे यंदाही असणारच, असा विचार करून मी पंख्याखाली बसल्या बसल्या लाल खूण केली. प्रत्यक्षात तो विभाग त्याच महिन्यात मुख्य परिसरात हलवला होता. त्याचा आदेश आमच्या शाखेकडे पोहोचला नव्हता. पण मी पाच मिनिटे चाललो असतो, तर दाराला लागलेले कुलूप मला दिसले असते.

जुलैमध्ये उरणजवळच्या करंजाहून दर्शना नावाची मुलगी वडिलांसोबत प्रवेशासाठी आली. वडिलांची मासेमारीची होडी होती. त्यांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच मुलगी.

"सायेब, खोलीला टाळा हाय. मासळीचा वर्ग गेला कुठं?" त्यांनी मला विचारले.

मी गडबडून पुस्तिका चाळू लागलो.

"पुस्तकात काय बगता? तेच वाचून तर आमी आलो. घराजवळ हाय म्हनून पोरीनं परवा दुसऱ्या कॉलेजातली जागा सोडली. आता काय करायचं तिनं, होडीवर यायचं?"

 पुस्तिकेचे ते पान दुमडून दर्शनाने हातात धरले होते. मुख्य परिसरातील प्रवेश आठवड्यापूर्वीच बंद झाले होते. तिचे वर्ष गेले होते. एकदा वर्ष गेले की अशा घरातल्या मुलीचे शिक्षणही तिथेच थांबते, हे मला माझ्या गावावरून माहीत होते.

आवाज ऐकून सर बाहेर आले. मी पुढे झालो. "सर, त्या ओळीपुढची खूण मी..."

"पुस्तिकेवर संपादक म्हणून कोणाचं नाव आहे?"

"तुमचं."

"मग तुम्ही थांबा." आणि ते दर्शनाच्या वडिलांकडे वळले. "दादा, चूक आमची आहे. उद्या मी तुमच्याबरोबर मुख्य परिसरात येतो."

दुसऱ्या दिवशी कागदपत्रे सांभाळायला मीही सोबत गेलो. तेथील विभागप्रमुख भले गृहस्थ होते, पण नियमाने बांधलेले. विद्यापीठाने स्वतःची चूक लेखी मान्य केली तरच कुलगुरू खास परवानगी देऊ शकतील, असे त्यांनी सांगितले. सरांनी तेथेच कोरा कागद मागितला आणि लिहिले, 'सदर चूक पुस्तिकेचा संपादक या नात्याने माझी आहे. विद्यार्थिनीचा कोणताही दोष नाही.'

मी हळूच म्हणालो, "सर, माझं नाव घाला."

"तुम्ही अजून कायम झालेला नाहीत. हा कागद तुमच्या सेवापुस्तकात लागला, तर उद्या घरी बसाल. माझं सेवापुस्तक त्यानं फार तर थोडं जाड होईल," असे म्हणून त्यांनी सही केली.

चार दिवसांनी परवानगी आली. पण मुख्य परिसर घरापासून लांब पडत होता आणि वडील वसतिगृहाला तयार होईनात. "दरयात पोर सोडायची भीती नाय वाटत आमाला, पन हितं कोन हाय तिचं?" सरांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. वसतिगृहात नेले, खोली दाखवली, न्हाणीघराची कडी लावून दाखवली, अधीक्षक बाईंशी गाठ घालून दिली. भोजनगृहात सर त्यांच्याबरोबर जेवले. वडील म्हणाले, "जेवन बरा हाय. मासळी मातर शिळी."

"म्हणून तर तिला शिकायला ठेवा," सर म्हणाले. तेव्हा कुठे वडील हसले आणि फॉर्मवर सही केली.

दर्शनाताई आज करंजालाच असतात. सुकवलेली मासळी स्वच्छ राहावी, टिकावी आणि तिला चांगला भाव यावा, म्हणून तेथील बायकांना शिकवतात. मीही त्याच वर्षी नोकरीत कायम झालो. सरांचे मात्र तसे झाले नाही. उपकुलसचिवपदाच्या मुलाखतीत तोच कागद त्यांच्यापुढे ठेवला गेला. 'हे आपणच लिहिले आहे ना?' असे विचारल्यावर त्यांनी 'होय' एवढेच उत्तर दिले. त्या पदावर दुसरे कोणी आले आणि सर सहायक कुलसचिव म्हणूनच निवृत्त झाले. इतकी वर्षे मी रोज देवापुढे दिवा लावतो आणि दिव्यासमोर ही गोष्ट मला आठवते. चारचौघांत मात्र ती मी कधी बोललो नाही.

गेल्या महिन्यात हा लेख लिहिण्यापूर्वी मी सरांच्या घरी गेलो. ती खूण माझी होती, असे लेखात लिहिणार आहे, आणि विद्यापीठालाही तसे पत्र दिले आहे, असे त्यांना सांगितले.  सर म्हणाले, "अहो, एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला स्वतःला आवडलेली अशी ती एकच सही. पंचाहत्तरीला लोक काहीतरी देतात. तुम्ही तीच काढून न्यायला आलात?"

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून म्हणाल्या, "द्या हो त्याची त्याला. किती वर्षं सांभाळणार?"

सर हसले, पण त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही.

सर, सही तुमचीच राहू द्या. तिच्यामुळे दोन माणसांची आयुष्ये उभी राहिली, त्यातला एक मी आहे. चूक तेवढी आज मी माझ्या नावावर घेतो. आमच्याकडे माणसाला शंभर वर्षांचे आयुष्य मागतात. तुमच्याकडे एकशे वीस मागतात, असे निघताना काकूंनी सांगितले. मी माझ्या देवापाशी तुमच्याच हिशेबाने मागितले आहे. ती सगळी वर्षे निरोगी जावोत आणि काकू तुमच्या शेजारी असोत.